एकाच कुंपणावर

९ मार्च

ताई,

बाबा सुखरूप पोचले. ट्रकवाल्याने त्यांना शिवणाच्या मशीनसकट खालच्या रस्त्यावरच उतरवलं. चढावर गाडी घालायला तो काही केल्या तयार होईना. शेवटी तुमच्या बंधुराजांनी मशीन खांद्यावर घेतलं आणि बाबांनी त्यांची कात्री. कात्री ते कोणाच्या हातात देत नाहीत, सुनेच्या तर नाहीच नाही.

दिवसभर तुम्ही करता तरी काय, असं तुम्ही विचारलंत. मलाही शहरात वाटायचं, शेतावरची माणसं झाडाखाली बसून असतात. इथे उठल्या उठल्या आधी पंपाची मनधरणी. तो बधला नाही तर विहिरीतून बादल्या ओढायच्या. मग कोंबड्या मोजायच्या, रोज एखादी कमीच भरते. मग वाफ्यातलं तण काढायचं. तण म्हणून उपटलं ते गाजर होतं, हे दुपारी कळतं. टायपिंग शिकवणारी ही बोटं आता बटण लावतानासुद्धा अडखळतात. घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा. तुमचे बंधुराज इतकी वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत होते, पण या घराचं दार त्यांच्याच्याने नीट बसत नाही.

परवा पहिले मुळे काढले. ते इतके जून झाले होते की बाबांची कवळी निसटली. आमच्या लेकीने, खारीने, घास थुंकला. ह्यांनी उठून चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहिलं, "आपण पिकवलेलं ताटात आलं की तोंड वाकडं करायचं नाही आणि टाकायचं नाही." म्हणाले, नाक मुरडत बसलो तर एक दिवस दुकानातून आणावंसं वाटेल, आणि मग आपण इथे आलोच कशाला? मला पटलं. बाबांनी तर मान डोलावत उरलेले मुळे संपवले.

त्यांची काळजी करू नका.

तुमची,
टायपिस्टबाई

२७ मार्च

टायपिस्टबाई,

काळजी करू नका म्हणे! पंच्याहत्तरीच्या माणसाला तुम्ही लाकडं चावायला लावता आणि मी इथे आरामात काजं-बटणं करत बसू? तुझ्या नवऱ्याला माझा निरोप सांग, भिंतीवर लिहायची हौस असेल तर शाळा काढ म्हणावं.

माझ्या मनाविरुद्ध बाबा तिकडे आलेत, हे तुला माहीत आहे. दुकान मी चालवायला घेतलं तेव्हापासून त्यांचं इथे लक्ष लागत नव्हतं. गिऱ्हाईक माझं माप मागतं, त्यांचं नाही, हे त्यांच्या मनाला लागलं असणार. म्हणून मी अडवलं नाही. पण एवढं लक्षात ठेव. तिथे त्यांचं काही बरंवाईट झालं तर मी भावाचं तोंड पाहणार नाही. चिडून लिहीत नाही, विचार करून लिहिते आहे.

सोबत गाठोडं पाठवते. बाबांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आहेत, साप-विंचवाचा काय भरवसा. निळ्या रेघांचं कापड उरलं होतं, तेही घातलंय. खारीसाठी नाक्यावरच्या रोपवाल्याकडून शोभेच्या भोपळ्यांचं बी घेतलं. पाकिटावर कसली कसली चित्रं आहेत, बदकासारखे, सुरईसारखे. ते खायचे नाहीत, वाळवून रंगवायचे. तिच्या बापाला म्हणावं, पोरीला एक तरी गोष्ट अशी लावू दे की जी खाऊन संपवायची नाही.

ताई

३० सप्टेंबर

ताई,

बूट छान बसले. बाबा ते घालून झोपायलासुद्धा गेले होते. मी ओरडले तेव्हा काढले.

बरेच दिवस पत्र नाही म्हणून रागावलात ना? लिहिण्यासारखं काही धड होत नव्हतं. शेळी आणली होती, खारीचा जीव होता तिच्यावर. ओला चारा जास्त खाऊन ती फुगली आणि सकाळपर्यंत गेली. शेळीला खाणंसुद्धा जास्त होतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. वांग्यांना कीड लागली. मक्याचे दाणे धरतील धरतील म्हणता म्हणता पोपट आले. हे रात्रंदिवस राबतात. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली आहेत. खारीला सारखी भूक लागते. पण तुम्ही लगेच काही पाठवू नका, ह्यांना ते चालणार नाही.

एक गोष्ट मात्र साधली, कुंपणावरचा वेल. एका टोकाला आमचा दुधी लावला, दुसऱ्या टोकाला बाबांनी आणि खारीने तुमचे शोभेचे भोपळे. मध्यावर ते एकमेकांत असे शिरले की कुठला कोणाचा ते कळेना. पांढऱ्या फुलांवर सांज-सकाळ मधमाश्या. दुधी इतका गोड आणि कोवळा की दीड महिना आम्ही दुसरं काही खाल्लंच नाही. शोभेचेही भरपूर लागले. त्यातला बदकासारखा खारीने तुमच्यासाठी रंगवला आहे. चोच वाकडी आहे, तसं तिला म्हणू नका.

सगळ्यात देखणा दुधी बाबांनी वेलावरच वाळवला. बी काढून राखेत घोळवलं आणि तुमच्या निळ्या कापडाची पिशवी शिवून त्यात भरलं. शिलाईची टीप बघण्यासारखी आहे. आता पुढच्या वर्षी दुधीचं बी विकत आणायला नको. त्या दिवशी हे कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसले.

तुमची वहिनी

१८ ऑक्टोबर

टायपिस्टबाई,

बदक पोचलं. मशीनवर ठेवलंय. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय? मी सांगते, भाचीची निर्मिती. चोच झकास आहे.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पोरीला भूक लागते आणि ह्यांना ते चालणार नाही? अगं, तू बायको आहेस की त्याच्या नियमांची पहारेकरीण? माझा भाऊ लहानपणापासून असाच. एकदा नाही म्हणाला की ताप आला तरी नाहीच. पण लहानपणी त्याच्या ताटाला आणखी कोणी बांधलेलं नव्हतं.

थंडी संपली की मी बाबांना घ्यायला येते. तू त्यांच्या कानावर घालून ठेव. मी सांगितलं तर ते ऐकू येत नसल्याचं नाटक करतात.

ताई

२ ऑगस्ट

ताई,

तुमची सगळी पत्रं मिळाली. थंडी संपली, उन्हाळा संपला, तुम्ही दोनदा यायचं ठरवलंत आणि दोन्हीदा मीच काही ना काही कारण सांगून थांबवलं. खरं कारण सांगते. बाबा इथून निघून गेले तर हे कोलमडतील अशी मला भीती वाटत होती. संध्याकाळी दोघं पायरीवर बसतात, एक अक्षर बोलत नाहीत, पण बसतात. मधे हे विहिरीच्या काठावरून घसरले. हात गळ्यात बांधून महिनाभर घरात होते. तेव्हा बाबांनी त्या वयात बादल्या ओढल्या. मला लाज वाटते हे लिहिताना.

म्हणून आता मीच बाबांना म्हटलं, तुम्ही ताईंकडे जा. ते कबूल झालेत. फक्त एक अट घातली आहे. आपल्या बियाचा पहिला दुधी खाऊन निघणार. निळ्या पिशवीतलं बी त्यांनी स्वतः लावलं, वेल कुंपणभर झालाय आणि फळंही धरली आहेत. यंदा मानेला जरा आखूड आणि पोटाला गोल आलेत. बाबा म्हणतात, वेल आता आपल्या घरचा झाला, म्हणून आपल्यासारखाच बुटका.

तुम्ही महिनाअखेरीला या. त्यांचं सामान मी बांधून ठेवते.

तुमची वहिनी

१ सप्टेंबर

वहिनी,

महिनाअखेरीला न्यायला येणार होते. त्याआधीच यावं लागलं, आणि नेलं काय, तर कात्री.

तिथे असताना मी बोलले ते बोलले. त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. हृदय बंद पडलं म्हणता. ज्या माणसाला कधी जिना चढताना धाप लागली नाही, त्याचं हृदय एका रात्रीत बंद पडलं? त्यांचा चेहरा मी पाहिला. ओठ सुकून चिरले होते, डोळे आत गेले होते. मी डॉक्टर नाही, पण ज्यांनी मला सुईत दोरा ओवायला शिकवलं त्यांचा चेहरा मला कळतो. दवाखान्यात किती उशिरा नेलंत, ते तुम्हा दोघांनाच ठाऊक. आणि माझा भाऊ! माझ्याकडे पाहीना, काही बोलेना, समोर आणून ठेवलेल्या ताटाला हात लावेना. माणूस असा गप्प कधी बसतो, ते मला समजतं.

मागे मी लिहिलं होतं की त्याचं तोंड पाहणार नाही. ते खरं करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

खार माझ्या मांडीवर बसून एवढंच म्हणत राहिली, "आजोबांनी माझं ताट घेतलं." पोरीला काय म्हणायचं होतं कोण जाणे. तिला नीट खाऊ घाला.

ताई

७ सप्टेंबर

ताई,

तुम्ही बोललात ते सगळं मी ऐकून घेतलं, आणि आताही ऐकून घेते. बाबांचं पोट बिघडलं, त्यातून अशक्तपणा आला, वयही झालं होतं. गाडी मिळायला वेळ लागला. ह्याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

बाबांची निळी पिशवी इथे सापडत नाहीये. तुमच्याबरोबर आली आहे का? आली असेल तर पिशवी जरूर ठेवा, पण बी टाकून द्या. जुनं आहे, उगवायचं नाही. उगाच लावत बसू नका.

वहिनी

१२ ऑगस्ट

टायपिस्टबाई,

वर्षभर तुला एक ओळही टाकली नाही. बियाच्या पत्रानंतर तुझी आणखी दोन पत्रं आली, ती फोडली नाहीत. इतका राग बाई मी आयुष्यात कोणावर धरला नव्हता. आता थकले.

पिशवी मीच आणली होती, न विचारता. तू बी टाकून द्या म्हणून लिहिलंस तेव्हा मी काय समजले सांगू? वाटलं, बाबांच्या हातचं एवढंसं बीसुद्धा हिला माझ्याकडे राहू द्यायचं नाही. त्या रागात ते मी पिशवीसकट डब्यात घालून ठेवलं, आणि यंदा त्यातलं थोडं गच्चीवर एका फुटक्या पिंपात लावलं. म्हटलं, बघू कसं उगवत नाही ते. अगं, काय उगवलंय! वेल टाकीवर चढलाय. दुधी धरलेत, आखूड मानेचे, गोल पोटाचे, तू लिहिलं होतंस अगदी तसे. माझी दोन्ही कार्टी शाळेतून आली की आधी गच्चीवर पळतात. सगळ्यात मोठ्या दुधीला त्यांनी आजोबा म्हणायला सुरुवात केली आहे.

अठ्ठावीसला बाबांचा वाढदिवस. त्या दिवशी तो कापायचा ठरवलाय. घरात सगळ्यांनी मिळून खायचा, तुकडाभरही टाकायचा नाही. बाबांना स्वतःच्या बियाचा पहिला दुधी खाऊन इकडे यायचं होतं ना? ते आले नाहीत, दुधी आला.

तुम्ही दोघं खारीला घेऊन आलात तर मी दार उघडेन. ह्यापेक्षा जास्त आत्ता लिहवत नाही.

ताई

१७ ऑगस्ट

ताई,

तुमचं पत्र वाचून मी तशीच पायात चप्पल घालून खालच्या रस्त्यावरच्या दुकानात गेले आणि तुमच्या जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याला फोन केला. माझं पत्र येईपर्यंत दुधीला कोणी हात लावायचा नाही, एवढा निरोप त्याने तुम्हाला पोचवला असेल. कारण फोनवर सांगायला माझं तोंड उघडेना. म्हणून लिहिते.

तो दुधी खाऊ नका. मुलांना जिभेवरसुद्धा लावू देऊ नका. बाबा त्यानेच गेले.

पहिला दुधी काढला त्या दिवशी भाजी मीच केली. शिजताना चव बघितली नाही. आपल्या घरची पहिली भाजी आधी सगळ्यांनी मिळून खायची होती, म्हणून. पहिल्या घासाला जीभ जळाल्यासारखी झाली. कारल्यासारखं कडू नाही, त्याहून वाईट, घशात रुतून बसणारं. मी म्हटलं, हे काहीतरी बिघडलंय, टाकू या. ह्यांनी भिंतीकडे बोट केलं. वर्षभर राबून, बी राखून पिकवलेला पहिला दुधी, तो टाकायचा? स्वतः चार-पाच घास गिळले. खारीने थुंकला तेव्हा तिच्यावर डोळे वटारले. ती रडत रडत पुन्हा घास उचलायला लागली, तेव्हा बाबांनी तिचं ताट स्वतःकडे ओढलं. म्हणाले, "मला कडू आवडतं रे, तुझी आई कारली करायची ती विसरलास?" आणि स्वतःचं संपवून तिचंही संपवलं. मध्येच माझ्याकडे बघून हसले. मुलाचं मन मोडू नये म्हणून ते खात होते, ताई. आणि नातीला खावं लागू नये म्हणून. मी तिथेच बसले होते. मी हात धरायला हवा होता.

संध्याकाळी दोघांनाही उलट्या सुरू झाल्या. हे तरुण, ह्यांनी थोडंच खाल्लं होतं, दोन दिवसांत सावरले. बाबांना रक्त पडायला लागलं. आम्ही ओव्याचं पाणी दिलं, आपल्याच वाफ्यातला ओवा. दवाखान्यात नेईपर्यंत उजाडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कडू लागल्यावर थुंकलं का नाही?

तुम्हाला सांगितलं नाही कारण तुम्ही लिहिलं होतंत, भावाचं तोंड पाहणार नाही. मला वाटलं, हृदयाचं सांगितलं तर कधीतरी राग निवेल. भिंतीवरचं ह्यांनी त्याच आठवड्यात नखांनी खरवडून काढलं. तेव्हापासून ते आमच्याबरोबर जेवायला बसत नाहीत. सगळ्यांचं झालं की उभ्याने काहीतरी तोंडात टाकतात. दोन-दोन दिवस तेही नाही. झोळीसारखे कपडे लोंबतात अंगावर. वाफे तणाने भरलेत. मी खारीला घेऊन दुकानातून सामान आणते, ते बघतात आणि काही म्हणत नाहीत.

बी बिघडलं होतं. कसं बिघडलं, ते कोणी सांगू शकत नाही. नशीब, दुसरं काय. पिंपातला वेल मुळासकट काढा आणि पिशवीतलं उरलेलं बी जाळून टाका. आता रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. भाजी मी केली होती.

वहिनी

२४ ऑगस्ट

वहिनी,

इस्त्रीवाल्याने निरोप दिला तेव्हा मला वाटलं, तुम्ही यायचं ठरवलंत, म्हणून थांबा म्हणालीस. मुलांना म्हटलंसुद्धा, मामा येतोय.

पत्र वाचल्यावर माझा विश्वास बसेना. मोठा दुधी खुडला आणि नाक्यावरच्या रोपवाल्याकडे घेऊन गेले. खरं सांगते, मी भांडायला गेले होते. तू खोटं बोलते आहेस आणि चांगल्या फळाला नाव ठेवते आहेस, असं कोणीतरी मला सांगावं म्हणून गेले होते. त्याने सुरीने सालीचा कपटा काढून जिभेला लावला, लगेच थुंकला आणि चूळ भरली. मग त्याने मला एकच प्रश्न विचारला. ज्या वेलाचं हे बी, त्याच्या शेजारी कुठे शोभेच्या भोपळ्याचा वेल होता का? तो कडूच असतो म्हणाला. मधमाश्या इकडचा पराग तिकडे नेतात. त्या वर्षीचं फळ गोडच लागतं, पण आतलं बी बाटतं. त्याचं फळ पुढच्या वर्षी विष होतं.

त्याच्याच दुकानातून मी ते पाकीट घेतलं होतं. तसंच एक तिथे अजून टांगलेलं होतं, बदकाच्या चित्राचं.

तुझं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. भाजीचं लिहिलंस, ओव्याचं लिहिलंस, स्वतःवर सगळं घेतलंस. कुंपणाचं एक अक्षरही नाही. कसं बिघडलं ते कोणी सांगू शकत नाही, म्हणे! तुझ्या गावात बियांचं दुकान नाही? तिथे कोणी तुला हाच प्रश्न विचारला नाही? तुला माहीत होतं. मी तुझ्या दारात उभी राहून तुला आणि त्याला नाही नाही ते बोलत होते, तेव्हाच माहीत नसेल, पण बी टाकून द्या म्हणून लिहिलंस तेव्हा नक्की माहीत होतं. तेवढं एक वाक्य लिहिलं असतंस तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. का नाही लिहिलंस गं?

वेल काढला. पिंपाच्या तळापर्यंत मुळं गेली होती. मुलं रडली, त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. निळी पिशवी बियांसकट जाळली, ती टीप न बघता. धाकट्याने विचारलं, मशीनवरचं बदकही टाकायचं का? मी नाही म्हटलं. ते तिथेच राहू दे, माझ्यासमोर.

आता माझं ऐक. तू हे मला सांगितलं नाहीस, तसं त्यालाही सांगितलं नसणार. मी दुखावेन म्हणून तू त्याला एकट्याला ते ओझं वाहू दिलंस, आणि तो त्याखाली दबून मरायला टेकलाय. वर्षभर तो असं समजतो की बापाला त्याच्या नियमाने मारलं. नियमाने मारलंच. पण विष मी पाठवलं होतं, रबरी बुटांच्या खाली घालून, हौसेने. त्याला सांग. आज हे पत्र मिळाल्याबरोबर सांग, आणि त्याचा विश्वास बसला नाही तर पत्र त्याच्या हातात दे. त्याने माझं तोंड पाहायचं की नाही, ते आता त्याने ठरवावं.

अठ्ठावीसला मी येते. त्याच्यासमोर ताट मांडून बसेन आणि तो बसेपर्यंत उठणार नाही. तू चूल पेटवू नकोस, डबा मी आणते.

ताई